सोळाशे आणि बीम : आठवा ते दहावा आठवडा

आधी सैन्यभरतीच्या मैदानी गुणांचा हिशोब, कारण बरेच जण तो न मांडताच पळत सुटतात. 1600 मीटर 5:30 च्या आत आलं की 60 गुण, 5:31 ते 5:45 ला 48. बीमवर, म्हणजे लटकायच्या आडव्या पाइपवर, दहा पुलअप्सना 40, नऊला 33, आठला 27. म्हणजे धावण्यात गट घसरला तर 12 गुण जातात आणि बीमवर शेवटच्या दोन राहिल्या तर 13. तरी पहाटे सगळे रस्त्यावर, आणि बीमला संध्याकाळी जमलं तर लटकणार.

आठवडा 8, चाचणी. 400 मीटरचा मातीचा ट्रॅक, वेळ 5:41. फेऱ्या 76, 86, 92, 87. इथे दम कमी पडलेला नाही, पहिली फेरी नडली आहे. 5:30 साठी फेरीला साडेब्याऐंशी सेकंद पुरतात. पहिल्या फेरीत साडेसहा सेकंद वाचवले आणि तिसरीत साडेनऊ फेडले.

यावर उपाय असा. मंगळवारी 400 च्या सहा फेऱ्या, प्रत्येकी 81-82 सेकंद, मध्ये दोन मिनिटं चालणं. एखादी 77 ला आली तर ती बाद, शाबासकी नाही. 200 मीटरवर एकाने घड्याळ घेऊन उभं राहावं, तिथे 41 दिसले पाहिजेत. गुरुवारी 200 च्या दहा, 38-39 ने. रविवारी 10 किमी, गप्पा मारता येतील इतकं सावकाश. बाकी दिवशी 5 किमी हलकं, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी.

भरतीच्या गर्दीत आतली कड सगळ्यांना मिळत नाही. कडेपासून एक मीटर बाहेरून पळालं तर दर फेरीला सव्वासहा मीटर जास्त, चार फेऱ्यांत 25 मीटर, म्हणजे पाच सेकंद गेले. म्हणून सरावातलं लक्ष्य 5:30 नाही, 5:23. आणि पुढच्याला ओलांडायचं ते सरळ पट्टीवर, वळणावर कधीच नाही.

आता बीम. कोपर पूर्ण सरळ झालं नाही, हनुवटी वर गेली नाही किंवा अंगाला झोका दिला, तर ती मोजत नाहीत. जास्तीत जास्त सात निघत असतील तर एका वेळी चारच मारायच्या, पण दिवसातून पाच वेळा, तासाभराच्या अंतराने. दमेपर्यंत ओढलं की दुसऱ्या दिवशी तीनही निघत नाहीत. शनिवारी स्टुलावरून वर चढून पाच सेकंदांत सावकाश खाली, असं पाच वेळा. पाइप तळहाताच्या मधोमध धरला की कातडी दुमडते आणि फोड तिथेच येतो. बोटांच्या मुळाशी धरा. भरतीत बीम धावण्यानंतर येतो, त्यामुळे मंगळवारी शेवटच्या फेरीनंतर दहा मिनिटांत एक पूर्ण सेट हवाच. ताज्या हातांनी काढलेल्या दहाचं कौतुक घरी ठेवा.

मैदानी चाचणीत नऊ फुटी खड्डा उडी मारून ओलांडावाही लागतो. तिथे पाय कमी, बिचकणं जास्त नडतं. काठाच्या चार पावलं आधी वेग तोडू नका. झिगझॅगवर, म्हणजे नागमोडी अरुंद पट्टीवर तोल सांभाळत चालताना, नजर पायाकडे नको, पुढच्या वळणावर.

नळीचं हाड दुखायला लागलं तर अंगठ्याने दाबून बघा. चार बोटं लांबीभर ठसठसत असेल तर डांबरी सोडून मातीवर या, अंतर निम्मं करा, झिजलेले बूट बदला. पण एकाच ठिपक्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना जास्तच, तर धावणं बंद आणि डॉक्टर गाठा. हाडाची बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे साफ आहे' म्हणून लगेच पळायला जाऊ नका.

आठवडा 10, चाचणी. 81, 84, 85, 81, एकूण 5:31. बीम 9. बेरीज 81, एक सेकंद आणि एक पुलअप सुधारली असती तर 100.

अकराव्या आठवड्यात मंगळवारी 400 ऐवजी 600 च्या चार, 2:03 ने, मध्ये तीन मिनिटं. तिसरी फेरी अजून ढिली आहे.