मेंदू साफ करायला काय घेऊ?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो: ‘मॅडम, मेंदूतली घाण आणि सूज काढायला काही घेता येतं का?’ विचारणाऱ्याने बहुधा ‘ब्रेन डिटॉक्स’चा एखादा व्हिडिओ नुकताच पाहिलेला असतो.

घ्यायचं काहीच नाही. मेंदूभोवतीचा द्रव एका वेळी साधारण 150 मिलिलिटर असतो आणि रोज 500 मिलिलिटरच्या आसपास नवा तयार होतो. 2012 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या मायकन नेडरगार्ड आणि जेफ्री इलिफ यांनी उंदरांत दाखवलं की तो धमन्यांच्या कडेकडेने आत झिरपतो आणि पेशींमधला कचरा घेऊन बाहेर पडतो. वाट देतात त्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या, मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या टोकांवरच्या पाण्याच्या वाहिन्या. सूज आली की या वाहिन्या जागा सोडतात, प्रवाह मंदावतो, अमायलॉइडसारखी प्रथिनं साचतात, आणि साचलेल्यावर प्रतिकारपेशी चवताळतात. म्हणजे पुन्हा सूज.

इथवर व्हिडिओवालेही सांगतात. पुढचं मात्र गाळतात.

2015 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात जोनाथन किपनिस यांच्या गटाला उंदरांच्या मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या (ऊतींमधला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) सापडल्या. (इटलीचा शरीररचनाशास्त्रज्ञ मास्कान्यी याने 1787 मध्येच तसं लिहून ठेवलं होतं, कुणी फारसं मनावर घेतलं नाही.) त्या मानेतल्या गाठींपर्यंत जातात, आणि तिथे प्रतिकारपेशी आलेला माल तपासतात. मेंदूत काय चाललंय याची खबर त्यांना अशीच लागते. 2018 मध्ये याच गटाने उंदरांत या वाहिन्या निकामी करून पाहिल्या. अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांत अमायलॉइड वाढलं. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार (यात प्रतिकारपेशी स्वतःच्याच मज्जातंतूंच्या वेष्टनावर हल्ला करतात) असलेल्यांत मात्र सूज कमी झाली! तेव्हा निचरा वाढवला की सूज उतरलीच, असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

झोपेचं काय? 2013 चा नेडरगार्ड यांचा प्रयोग म्हणतो, झोपेत निचरा वाढतो. 2024 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाला उंदरांत नेमकं उलटं दिसलं. भांडण चालू आहे. झोप घ्याच म्हणते मी, कारण तिचे बाकीचे फायदे वादात नाहीत.

यावर लगेच पुढचा प्रश्न: मग झोपेची गोळी? 2025 च्या एका प्रयोगात झोल्पिडेम हे झोपेचं औषध दिलेले उंदीर झोपले, पण त्यांच्या मेंदूतला प्रवाह मंदावला. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर एवढ्यावरून बंद करू नका. मात्र मेंदू धुतला जाईल म्हणून सुरूही करू नका.