मलमास, मेळा आणि नवी गाडी

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ग्वाल्हेरच्या कुठल्याही गाड्यांच्या शोरूममध्ये शिरा, चहा आधी येतो आणि गाडी नंतर. गिऱ्हाईकच नसतं. मलमास, म्हणजे सूर्य धनू राशीत असतानाचा अशुभ मानलेला महिना, लागलेला असतो, संक्रांत उलटल्याशिवाय इकडे कोणी नव्या गाडीची चावी हातात घेत नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे मेळा. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या व्यापार मेळ्यात अलीकडच्या वर्षांत गाडी घेतली की रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते. मग शहराच्या लश्कर भागातले मराठी पेन्शनर काय आणि मुरारचे ठेकेदार काय, सगळेच अधिसूचनेकडे डोळे लावून बसतात. ती दरवर्षी नव्याने निघते, आणि सरकारी काम असल्यामुळे निघेपर्यंत खात्री कोणीच देत नाही.

ही सूट चांगलीच आहे. गाडीची एक्स-शोरूम किंमत (टॅक्स, विमा धरण्याआधीची) ९ लाख आणि टॅक्स ८ टक्के धरला, तर ७२,००० च्या जागी ३६,००० भरायचे. पण हे ३६,००० सरकारने सोडलेले असतात, डीलरच्या गल्ल्यातून एक रुपयाही गेलेला नसतो. मेळ्यातल्या स्टॉलवर “काकाजी, छत्तीस हज़ार तो वैसे ही बच रहे हैं” असं गोड आवाजात ऐकू आलं, की ओळखावं, स्वतःची सूट न देण्याची सोय झाली.

आणि गोम अशी, की मेळ्याचा ऐन भर जानेवारी-फेब्रुवारीतला. म्हणजे नेमका तोच काळ, जेव्हा डीलरच्या यार्डात मागच्या साली बनलेल्या गाड्या उरलेल्या असतात. हा माल त्याने बहुधा बँकेच्या पैशावर उचललेला असतो, दर दिवसाचं व्याज चालू असतं. एरवी अशा गाडीवर त्याला घसघशीत सूट द्यावीच लागते, कारण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या प्रमाणपत्रावर, बनावटीचा महिना आणि साल छापलं जातं आणि पुढे विकताना गिऱ्हाईक एक वर्ष जुनी म्हणूनच भाव करतं. मेळ्यात मात्र टॅक्सच्या आनंदात हा विषयच निघत नाही. तो आपण काढावा. मागच्या सालची गाडी असेल तर टॅक्सची सूट बाजूला ठेवून डीलरची सूट वेगळी मागावी, आणि नसेल देत तर चालू सालची गाडी मागावी.

साल कसं कळतं? बुकिंगच्या वेळी नुसतं मॉडेल आणि रंग लिहून घेतात, ते पुरेसं नाही. गाडी ठरली की सतरा अक्षरांचा चेसिस नंबर लेखी मागायचा. त्यात साल-महिना सांकेतिक असतो, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. शिवाय टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा महिना-दोन महिने जुने असणं साहजिक आहे. पाचपैकी एकच टायर नवाकोरा निघाला, तर मात्र तो का बदलला हे विचारायलाच हवं.

सूट हवी तर गाडी मेळ्यातून विकलेली हवी, नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत हवी, आणि तीही अधिसूचनेतल्या मुदतीत. ज्या मॉडेलला तीन महिन्यांचं वेटिंग आहे त्याला मेळ्याचा काहीच उपयोग नाही. तरीही बुकिंग घेतात! पावतीवर एवढं लिहून घ्यावं, की मुदतीत नोंदणी झाली नाही तर बुकिंगची रक्कम पूर्ण परत. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू, असंही बहुधा छापलेलं असतं.

आता कोटेशनचा कागद. एक्स-शोरूम ही पहिली ओळ जवळजवळ घट्ट असते. डीलरची खरी कमाई खालच्या ओळींत, म्हणून घासाघीसही तिथेच करायची. “ऑन रोड कितना छोड़ोगे” असं विचारणाऱ्याला ॲक्सेसरीजचा डबा मिळतो. ओळीओळीने विचारणाऱ्याला पैसे सुटतात.

सगळ्यात जाड ओळ विम्याची. नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा तीन वर्षांचा सक्तीचा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरतो. तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरचं कोटेशन आणून समोर ठेवलं, की बरेचदा तिथल्या तिथे आकडा खाली येतो. फक्त तुलना सारख्याला सारखी हवी. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्याने धरलेली गाडीची किंमत, साधारण किमतीच्या ९५ टक्के, म्हणजे ९ लाखांच्या गाडीला ८ लाख ५५ हजार. ती कमी लिहून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा कव्हर, घ्यावा. चाव्या हरवल्याचा, सामान चोरीचा वगैरे कव्हर सोडून दिला तरी चालतं.

‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ दिसली की सरळ खोडायला सांगावं, कारखान्यापासून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च किमतीत धरलेलाच असतो. १० लाखांच्या वर गाडी गेली की १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) लागतो. तो मात्र खरा, आणि आयकर विवरणात वळता होतो. सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला साइड एअरबॅग आहे का बघावं. असेल तर त्या जागी कापलेलंच कव्हर हवं, नाहीतर वेळेला एअरबॅग आतच अडकेल.

कर्जाचा दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिलकीवर, हे न विचारता सही करू नये. पाच वर्षांसाठी ६ टक्के फ्लॅट म्हणजे खऱ्या हिशेबाने जवळजवळ १०.८५ टक्के.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन रुंद, सपाट रस्ता निवडतो. आपण किल्ल्यावर चढणारी उरवाई घाटी सांगावी: चार माणसं, एसी चालू, मध्येच थांबून पुन्हा उचलायची. गाडीचा दम तिथे कळतो. मग आपल्याच गल्लीत आणावी. पत्रकात छापलेली रुंदी बहुधा आरसे सोडून असते, आणि लश्करातल्या जुन्या गोठींमध्ये, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या अरुंद गल्ल्यांत, गाडी अडते ती आरशांनीच.

क्रम मात्र चुकवू नये. आधी चेसिस नंबर, मग यार्डात जाऊन गाडी बघणं, मग उरलेले पैसे, मग विमा आणि नोंदणी. एकदा गाडी आपल्या नावावर चढली की डागाळलेला दरवाजा हा आपला प्रश्न होतो, डीलरचा नाही. बघायला उन्हात जावं, धुतलेली गाडी मागावी. दरवाजा समोरून न बघता तिरप्या नजरेने बघायचा: उजेडाची रेघ त्यावरून सरळ सरकली पाहिजे. ती कुठे लहरली, किंवा शेजारच्या पत्र्यापेक्षा रंग दाणेदार वाटला, तर तिथे पुन्हा रंगकाम झालेलं आहे. बॉनेट उघडून वायरी उंदराने कुरतडल्यात का ते बघावं, यार्डात महिनोन्‌महिने उभ्या गाड्यांत हे होतं. दुसरी चावी, जॅक, पाना, स्टेपनी, रिफ्लेक्टरचा त्रिकोण हातात घेऊन मोजावं. मीटरवर शंभराच्या आत किलोमीटर ठीक, दोनशे-तीनशे असतील तर ती कुठे हिंडून आली हे विचारायचं.

हे सगळं संक्रांतीनंतरच्या पहिल्या चांगल्या मुहूर्तावर करू म्हणाल, तर जमणार नाही. त्या दिवशी रांगेत गाड्या, प्रत्येकीला हार, प्रत्येकीसमोर नारळ आणि फोटो. घाईत कोणी टायरचे आकडे वाचू देत नाही. गाडी तपासणं आणि नोंदणी आधल्या आठवड्यात उरकून मुहूर्ताला फक्त चावी घ्यावी आणि मांढऱ्याच्या मातेला जाऊन यावं. टाकीत पेट्रोल जेमतेम असतं, तेव्हा आधी पंप, मग देवी.

राहता राहिलं नाव. आपल्याकडे आधारवर मधलं नाव असतं, पॅनवर नुसतं आद्याक्षर, बँकेत आडनाव आधी. त्यात टाइप करणारा ‘गोखले’चं ‘गोखलै’ही करू शकतो. फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, सबमिट होण्याआधी स्क्रीनवरचं नाव, पत्ता आणि चेसिस नंबर स्वतः वाचून घ्यावा, आणि विम्याच्या कागदावर अक्षरन्‌अक्षर तेच आहे ना हे बघावं. नंतर आरसीत दुरुस्ती करायला आरटीओच्या चकरा मारायच्या त्या आपणच, सेल्समन तोवर पुढच्या मेळ्याच्या तयारीला लागलेला असतो.