आजींचं लुगडं निळं नव्हतं

भांडण लुगड्याच्या रंगावरून जुंपलं होतं, तेही माझ्या काउंटरवर.

सत्तरीच्या एक मावशी आपल्या आजीच्या फोटोची काचेची निगेटिव्ह मोठी करून घ्यायला आल्या होत्या. क्वार्टर प्लेट, म्हणजे साधारण तळहाताएवढी काच. कडांना चांदी वर येऊन निळसर झाक आलेली, मधला भाग मात्र ठणठणीत. सोबतच्या भाच्यानं मोबाइलवर तिला रंगही भरून टाकले होते: आजीबाई गडद निळ्या लुगड्यात!

"हेच द्या ना मोठं करून," तो म्हणाला.

"लाल होतं रे ते! आईनं त्याची गोधडी शिवली होती, मी झोपलेय तिच्यावर."

"मग फोटोत एवढं काळं कसं?"

प्रश्न रास्त होता. एरवी मी डार्करूममध्ये कुणाला घेत नाही, पण दोघांना आत नेलं आणि लाल दिवा लावला. म्हटलं, हा फोटो छापायचा कागद लाल उजेडाला आंधळा आहे, म्हणून तर दिवा लावून काम करता येतं. त्या काळच्या बऱ्याच प्लेटाही अशाच. लाल त्यांना दिसत नसे, त्यामुळे प्रिंटवर ते काळं उतरे. निळं उलट फिकट पडे, आकाश तर कोरं पांढरं. कपाळ बघा. आजींचं कुंकू शाईच्या थेंबासारखं काळंभोर होतं.

भाचा गप्प झाला. माझं खरं काम आता सुरू होत होतं, कारण माझ्या लेखी प्रिंटचा कस काळ्यात लागतो. पहिल्या टेस्ट स्ट्रिपवर, म्हणजे उजेड किती द्यायचा ते अजमावायच्या कागदाच्या पट्टीवर, लुगडं म्हणजे नुसतं डांबर. मग एक्स्पोजर चालू असताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा पदरावर हलवत राहिलो, तेवढ्या जागी उजेड कमी पडावा म्हणून. चेहऱ्याला हात लावला नाही, सुरकुत्या छान होत्या. ओला प्रिंट नेहमी जास्त खुलतो आणि वाळला की दबतो, म्हणून एकूण उजेडही हात राखूनच दिला.

डेव्हलपरमध्ये आधी कुंकू आणि केस उमटले, मग पदराच्या चुण्या एकेक करून सुट्या झाल्या. हायपोनंतर, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणानंतर, पांढरा दिवा लावला तशा मावशी ट्रेवर वाकल्या. "काठ दिसतोय की! हा काठ गोधडीच्या मधोमध होता."

बहिणींसाठी म्हणून त्यांनी आणखी प्रती सांगितल्या. भाच्याच्या डीपीवर अजून निळं लुगडंच आहे.