पाणी निवळायला लागलेला वेळ

"निवळंल आता. बसते मी."

एवढंच म्हणाल्या त्या आजी, आणि हंडा बाजूला ठेवून कातळावर टेकल्या.

राजापूरकडच्या एका पऱ्ह्याच्या पात्रातून आम्ही अकरा जण सकाळपासून चालत होतो. चैत्राचं ऊन, काठाला आंजणी निळीजांभळी फुललेली, करवंदं अजून हिरवीच. पात्रात मात्र नुसते धोंडे. एका वळणावर वाळूत खणलेला डवरा दिसला, परातीएवढा. आमच्यातल्या एकाने सरळ बाटली बुडवली. तळ ढवळला, पाणी चहासारखं झालं.

आजी रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मीही बसले त्यांच्याजवळ. पंधरावीस मिनिटं. मग त्या करवंटीने, वरवरचं, तळाला धक्का न लावता पाणी घेऊ लागल्या. मी मोजत होते. एक्काहत्तर करवंट्या झाल्या तेव्हा हंडा भरला. "आनी दोन खेपा हायत," म्हणाल्या.

ह्याच जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात ह्याच पऱ्ह्यात पाय ठेवायची हिंमत होत नाही. पण जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाणी थांबतच नाही. दिवाळीनंतर वाळूच्या गोण्या रचून वनराई बंधारा घातला, तर ते आणखी काही आठवडे टिकतं. त्याला लागतात दहापंधरा माणसं आणि एक दिवस. वाडीतली तरणी पोरं मुंबईला.

आम्ही अकरा होतो.

कार्तिकात गोण्या भरायला कोण कोण येतंय?