खण्ण!

डिसेंबरात आमच्या मुलुंडच्या बाल्कनीत आठ दिवस तलवारीचा कारखाना चालू होता. भाचीला कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या जत्रेला, जायचं होतं, तेही एका जपानी ॲनिमेतल्या योद्ध्याचा वेष करून. आणि त्या योद्ध्याची तलवार साडेचार फुटी. ताईच्या परळच्या घरात साडेचार फुटांचं काही आडवं ठेवायचं तर घरातल्या एकाला उठून बसावं लागतं, म्हणून शस्त्रागार मामाकडे हलवण्यात आलं.

क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांतून ईव्हीए फोमच्या काळ्या शीट आल्या. पात्याचे दोन तुकडे कटरने कापून त्यांच्या मध्ये प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप बसला. चपला चिकटवायचं सोल्यूशन, हीट गन, चंदेरी स्प्रे. हीट गनची गरम हवा फोमवरून फिरवली की त्याची भोकं मिटतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग रंग आत शोषला जात नाही. हे सगळं भाचीने मला शिकवलं, आणि दर दहा मिनिटांनी "मामा, हात लावू नकोस, ओलं आहे" हेही. शेवटी तिने जुन्या टूथब्रशने पात्यावर काळा रंग शिंपडला आणि चिंधीने पुसून घेतला. कोरी तलवार खोटी दिसते म्हणे, लढाया बघितल्यासारखी दिसायला हवी.

आठव्या दिवशी तिने ती माझ्या हातात दिली. "कशी वाटते?"

"हलकी आहे गं."

तिचा चेहरा पडला. "हलकीच हवी मामा. दिवसभर धरायची असते. आणि गेटवर तपासतात, लोखंड दिसलं की बाहेर."

माझ्या तोंडून ते उगाच गेलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मावळा होतो, डावीकडून तिसरा. पुठ्ठा कापून, खळीने त्यावर बेगड चिकटवून आईने तलवार केली होती. महाराज आणि दोन सरदार यांना भाड्याच्या दुकानातल्या पत्र्याच्या तलवारी, बाकी सैन्य पुठ्ठ्याचं. पहिल्या "हर हर महादेव"लाच माझी तलवार मधोमध वाकली आणि उरलेली लढाई मी ती डाव्या हाताने ताठ धरून, उजव्या हाताने चालवून जिंकली. मागच्या रांगेतल्या एका काकांना वाटलं, मी जखमी साथीदाराला वारा घालतोय.

खरा सराव वर्गात, फूटपट्टीने व्हायचा. त्या लढायांना एक नियम होता, कुणी शिकवलेला नसूनही सगळ्यांना माहीत असलेला: वार पट्टीवर करायचा, पोराला लागता कामा नये. ज्याची पट्टी बोटावर बसली त्याला दोन दिवस खेळायला घ्यायचे नाहीत. पुढे ऐतिहासिक सिनेमांतल्या लढाया जरा लक्ष देऊन बघायला लागलो तेव्हा कळलं, पडद्यावर आमचाच नियम चालतो. नायक खलनायकाच्या तलवारीवर वार करतो. नाही, नीट बघा. गळा उघडा असतो, पोट उघडं असतं, आणि हा गृहस्थ नेम धरून समोरच्याच्या पात्यावर हाणतो, एकदा वरून, एकदा खालून. फाइट मास्तरांनी आकडे घालून दिलेले असतात. दोघं एकमेकांना इतके सांभाळत असतात की फुगडी घालणाऱ्या दोघींची आठवण यावी.

खऱ्या लढाईत तलवारीवर तलवार घेणं म्हणजे आपल्याच धारेला दाते पाडून घेणं. वार ढालीवर झेलायचा. गेंड्याच्या कातड्याची ढाल त्यासाठीच असायची. आणि सगळं आटोपायला किती वेळ? 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा हात वर गेला आणि जिवा महालाने तो दांडपट्ट्याने वरच्या वर उडवला. एक वार. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण उच्चारायला त्याहून जास्त वेळ लागत असेल. आता हाच प्रसंग पडद्यावर आणायचा तर त्याची साडेसहा मिनिटं करावी लागतात, मध्ये घोडा, धूळ आणि स्लो मोशन घालून. मी तक्रार करत नाही हं. तिकीट काढून गेलेल्या माणसाला एका वारात घरी पाठवलं तर तो पैसे परत मागेल.

खरी तलवार मी एकदाच हातात घेतली आहे. साताऱ्याकडच्या एका मित्राच्या घरी खंडेनवमीला. (मुंबईत आम्ही त्या दिवशी पाना-पक्कड आणि लॅपटॉपला फूल वाहतो.) त्याच्या काकांनी देवघरापुढची तलवार म्यानातून काढली आणि पहिला धक्का बसला तो आवाजाचा. म्हणजे आवाज नसण्याचा. म्यान लाकडाचं, वरून मखमल. सिनेमात जो "सर्र्र्खिंग" होतो त्यातला 'स' सुद्धा झाला नाही; छत्रीच्या खोळीतून छत्री काढावी तशी ती बाहेर आली. तो आवाज नंतर स्टुडिओत घालतात हे माहीत होतं, तरी कान वाट बघत राहिले.

दुसरा धक्का मुठीचा. माझा पंजा काही पैलवानाचा नाही, तरी तो त्या मुठीत नीट बसेना. खाली कटोरी मनगटाला टेकते, वर बोटांना आडोसा देणारी परज. तलवार परजणे हे क्रियापद मला तिच्याच घरचं वाटतं. मी सिनेमातल्यासारखी मनगट फिरवून हवेत आठाचा आकडा काढायला गेलो तर कटोरी हाडात घुसली. काका म्हणाले, "मनगट विसरा. खांद्यापासून हात आणा. आणि मारायची नसते हो, ओढायची असते." सुरीने टोमॅटो कापताना आपण सुरी दाबत नाही, ओढतो, तसं. मूठ घट्ट असते ती त्याचसाठी; मनगट मोकळं राहिलं तर पातं ओढताना वळेल. वजन म्हणाल तर किलोभर. एवढंच? म्हणून मी हात सरळ धरून उभा राहिलो आणि दोन मिनिटांत तो थरथरायला लागला. किलोभर साखर पिशवीत घेऊन मुलुंड स्टेशनपासून घरी चालत येणं वेगळं आणि तीच हात लांब करून धरणं वेगळं.

पण माझी तलवारबाजीची खरी दीक्षा त्याआधीची, दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासमधली. तासाचे पैसे भरून डॉस शिकायचो आणि सर शेवटची दहा मिनिटं गेम लावू द्यायचे: 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. एका तासात राजकन्येला सोडवायचं. सुरुवातीला राजपुत्राकडे तलवारच नसते. तळघरात हिंडून ती शोधायची, मग शिफ्ट दाबला की वार, वरचा बाण दाबला की बचाव. त्या वेळचे बाकीचे गेममधले पुतळे खुरडत चालायचे, आणि हा राजपुत्र मात्र खरोखर पाऊल टाकायचा, झुकायचा, तलवार पुढे सरकवायचा. तेव्हा वाटायचं, हे पर्शियन लोक किती डौलाने लढतात!

पर्शियाचा काही संबंध नव्हता हे फार उशिरा वाचलं. जॉर्डन मेकनरने 1989 चा तो गेम करताना राजपुत्राच्या पळण्या-उड्यांसाठी आपल्या धाकट्या भावाला कॅमेऱ्यासमोर पळवलं होतं. तलवारबाजीसाठी मात्र त्याने 1938 चा रॉबिन हूडचा हॉलिवूडपट घेतला. त्यातल्या शेवटच्या द्वंद्वात एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन काही सेकंद कॅमेऱ्याला बाजूने दिसतात. तेवढा तुकडा घेऊन त्याने एकेक चित्र गिरवलं. म्हणजे बघा, हॉलिवूडच्या फाइट मास्तरने बसवलेलं इंग्लंडातलं भांडण, ते अमेरिकेतल्या पोराने गिरवून इराणच्या राजवाड्यात नेलं आणि ते बघून दादरचा मी घरी येऊन लाटण्याने गादीवर हल्ले केले. गंमत म्हणजे रॅथबोनचा हात तलवारीवर खरंच चांगला होता, पण खलनायक असल्यामुळे जवळजवळ दर वेळी हरायची पाळी त्याच्यावर.

त्या गेममध्ये शेवटाकडे आपलीच सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं की आपलंही आयुष्य कमी होतं. आमच्या क्लासमध्ये हे कोडं महिनाभर कुणाला सुटलं नाही. मग एका मुलाचा चुकून खालचा बाण दाबला गेला, राजपुत्राने तलवार म्यान केली, सावलीनेही केली, आणि दोघं एकमेकांत मिसळून गेले. सरसुद्धा फळा पुसायचं सोडून बघत राहिले होते.

हे सगळं भाचीला सांगितलं तर तिने त्याहून वरताण गोष्ट ऐकवली. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने 2019 मध्ये 'स्टार वॉर्स'मधल्या प्रकाशाच्या तलवारींची, म्हणजे लाइटसेबरची, झुंज हा अधिकृत प्रकार म्हणून मान्य केला. तीन मिनिटांचा सामना. डोक्याला किंवा धडाला लागलं तर 5 गुण, हातापायाला 3, पंजाला 1. आणि वार करायच्या आधी तलवारीचं टोक आपल्या पाठीमागे न्यायलाच हवं, नाहीतर गुण नाही. का? तर सरळ सुईसारखं टोचत राहिलं तर सामना चटकन संपतो आणि सिनेमासारखा दिसत नाही. मला तो नियम मनापासून आवडला. आमच्या फूटपट्टीच्या घटनेत घालण्यासारखा.

तिला खऱ्या मुठी दाखवाव्यात म्हणून एका रविवारी फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन गेलो. शस्त्रांच्या दालनात अकबराची ढाल आहे, चिलखत आहे. बाई काचेला नाक लावून मुठींचे फोटो काढत होत्या. "ह्यांचापण पेंट उडालाय," एवढाच शेरा मिळाला. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सरकारने 47 लाखांच्या घरात सोडवून 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत आणली, तेव्हाही आम्ही प्रभादेवीला पु. ल. देशपांडे अकादमीत ती बघायला गेलो होतो. पातं युरोपचं, घाट मराठ्यांचा, वर देवनागरीत नाव. असल्या तलवारीला फिरंग म्हणतात. तिथेही गर्दीतली एक-दोन पोरं एकमेकांवर काहीच न धरलेले हात चालवत होती आणि तोंडाने आवाज काढत होती.

तर कॉमिक कॉनचा दिवस. भाची चिलखत, विग, बूट असा सगळा जामानिमा करून मैत्रिणींबरोबर कॅबने गेली आणि तलवार आमच्या बाल्कनीत राहिली. फोन आला, "मामा, प्लीज." साडेचार फुटी तलवार जुन्या चादरीत गुंडाळून मी लोकल पकडली. टोक बाहेर राहिलं होतं. डब्यात समोरच्या आजोबांनी विचारलं, "महाराजांची का?" जपानी आहे म्हटल्यावर त्यांचा रस संपला. तरी उतरताना म्हणाले, "मूठ मोठी ठेवलीय." म्हणजे माणूस जाणकार.

स्टेशनच्या पुलावर बंदोबस्ताला एक हवालदार उभे होते. त्यांनी हात केला.

"काय आहे हो हे?"

"तलवार," मी म्हणालो. बोलून गेल्यावर कळलं काय बोललो ते. "म्हणजे फोमची, साहेब. भाचीची आहे. खेळायची."

त्यांनी चादर सोडायला लावली. पातं अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला, बाहेर आला. पुन्हा एकदा दाबलं. मग उचलून वजन घेतलं, टोक डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं. चेहरा सरकारी तो सरकारीच. दोन्ही बाजूंनी नुकतीच गाडी सुटल्यामुळे पुलावर तेवढ्यापुरती गर्दी नव्हती. हवालदारसाहेबांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे, एक पाय मागे घेतला, तलवार खांद्यापासून तिरकी खाली आणली आणि अगदी हळू, मला ऐकू येईल न येईल इतपत, तोंडाने म्हणाले,

"खण्ण!"