ला सेल्वातले दोन हमिंगबर्ड: एक राखणदार, एक भटक्या

कोस्टा रिकाला जाणारे बहुतेक जण हमिंगबर्ड बघतात ते लॉजच्या अंगणात टांगलेल्या साखरपाण्यावर. फोटो झकास येतात, पण तो पक्षी जगतो कसा हे तिथे कळत नाही. म्हणून आम्ही मुक्काम ठेवला सारापिकीजवळच्या ला सेल्वा संशोधन केंद्रात. सुमारे 1,600 हेक्टरचं सखल भागातलं जंगल, वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणात वाढलेल्या मलाही तिथे आधी गमबूट शोधावे लागले.

रूफस-टेल्ड हमिंगबर्ड शोधावा लागत नाही. इमारतींलगत निळ्या तुऱ्यांच्या स्टॅकीटार्फेटाच्या झुडपावर एकाने ठाणच मांडलं होतं. हिरवा गळा, तांबूस शेपूट, लाल चोच आणि तिचं टोक काळं. वजन जेमतेम 5 ग्रॅम, पण थाट गल्लीतल्या दादाचा! फुलपाखरू आलं, हाकललं. दुसरा हमिंगबर्ड आला, त्याच्या मागे चिकचिकत झाडापलीकडे गेला. मग दोन-चार फुलांतला मध घेऊन पुन्हा त्याच काडीवर. एका जागी इतकी फुलं असली की पहारा परवडतो.

आपल्याकडच्या शिंजीराला बरेच जण हमिंगबर्ड म्हणतात, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतले. शिंजीर सहसा फांदीला धरून मध पितो, हे हवेतच थांबून.

दुसरा हमिंगबर्ड म्हणजे लाँग-बिल्ड हर्मिट, त्याच्यासाठी मात्र गाइडबरोबर आत जंगलात जावं लागलं. हा मातकट रंगाचा, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपटीची मधली दोन पिसं लांब आणि टोकाला पांढरी. आपण हॉटेलांच्या बागांत शोभेला लावतो त्या हेलिकोनियावर याचा जीव. तिचं एक फूल एकच दिवस टिकतं आणि एका झाडावर एका वेळी मोजकीच उमलतात, त्यामुळे राखण करून पोट भरणार नाही. मग हा एका झाडावरून दूरच्या दुसऱ्यावर, ठरलेल्या वाटेने फिरत राहतो. फुलाची नळी खोल आणि वाकडी, चोचही त्याच बाकाची. या फेऱ्यांत फुकटे प्रवासीही असतात. फुलात राहणारे माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव, पळत चोचीवर चढतात, नाकपुडीत बसतात आणि पुढच्या फुलात उतरतात!

माझ्या सोबतिणीची टोपी लाल होती. एक हर्मिट थेट तिच्या कपाळासमोर येऊन थांबला, टोपी नीट तपासली आणि मध नाही म्हटल्यावर निघून गेला. पंखांचा वारा गालाला लागला म्हणाली.

भटक्या असला तरी हा गरीब मुळीच नाही. झुडपांच्या दाटीत नर जमतात, आपापल्या काडीवर बसून शेपूट हलवत तोच एक सूर आळवत राहतात. माद्यांसाठीचा हा अड्डा, आणि इथली जागा मात्र ते भांडून राखतात. ला सेल्वातच झालेल्या अभ्यासात दिसलं की प्रौढ नरांच्या चोचीचं टोक जास्त लांब आणि अणकुचीदार असतं, आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यावर चालवतात. मध काढायचं तेच हत्यार!

फोटोच हवे असतील तर रूफस-टेल्ड पुरे. पण इतक्या लांब जाणारच असाल, तर गाइडला हर्मिटचा अड्डा दाखवायला आधीच सांगून ठेवा. आत उजेड फार कमी, तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण कामाला येते.