अर्धवट भाषांतर झालेले आडनाव

माझ्या थोरल्या काकांच्या तोंडी 'स्टुडबेकर' हा शब्द नेहमी मोटारीच्या अर्थानेच येत असे. तरुणपणी ते गिरगावातल्या एका गॅरेजात कामाला होते आणि त्या काळच्या गाड्यांची नावे ते जितक्या जिव्हाळ्याने घेत, तितक्या जिव्हाळ्याने त्यांनी आम्हा पुतण्यांची नावे घेतल्याचे मला तरी आठवत नाही. १९५० सालची स्टुडबेकर चॅम्पियन पुढून विमानाच्या नाकासारखी टोकदार दिसे आणि चौकात उभी राहिली की पोरे पंखा कुठे आहे ते शोधत, ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की ती गाडी आम्ही न बघताच ओळखत होतो. स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने स्टुडबेकर गाड्यांची जुळणी आपल्याकडेही केली होती. हे नाव कुणा जाहिरातवाल्याने कानाला बरे वाटावे म्हणून जुळवले असणार, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ते एका कुटुंबाचे आडनाव आहे, आणि तेही जर्मन, हे मला फार उशिरा कळले.

मूळ आडनाव श्टूटनबेकर. जर्मन शब्दकोश उघडून त्याचा अर्थ लावू पाहणाऱ्याची पहिल्याच पायरीवर फसगत होते, कारण कोशात 'श्टूटे' म्हणजे घोडी असे दिलेले असते आणि 'बेकर' म्हणजे भाजणारा; तेव्हा हे घराणे घोड्या भाजत होते की काय, अशी शंका येते. पुढे याच घराण्याने घोड्यांच्या गाड्या बनवून पैसा केला, हे माहीत असेल तर ही चुकीची व्युत्पत्ती आणखीच खरी वाटू लागते. प्रत्यक्षात इथला 'श्टूटन' हा उत्तर आणि पश्चिम जर्मनीतल्या बोलींमधला पावाचा प्रकार आहे. गव्हाचे पांढरे पीठ, दूध, थोडे लोणी, थोडी साखर, यीस्ट, आणि हात सैल असेल तर मनुका. रोजच्या काळ्या, आंबूस राय-पावाच्या देशात हा पांढरा गोडसर पाव म्हणजे सणावाराचा जिन्नस होता. सेंट निकोलसच्या दिवसांत याच पिठाचे माणसाच्या आकाराचे बाहुले भाजतात, त्याला मनुकांचे डोळे लावतात आणि हातात मातीची पांढरी चिलीम देतात. असा पाव भाजणारा तो श्टूटनबेकर. साध्या बेकरपेक्षा एक पायरी वरचा म्हणायला हरकत नाही. गोव्यातल्या गावात पोदेर म्हटल्यावर जसा माणूस आणि त्याचा पाव दोन्ही एकदम डोळ्यांपुढे येतात, तसेच त्या भागात हे नाव उच्चारले की होत असणार.

हे कुटुंब झोलिंगेनचे. झोलिंगेन म्हटले की आपल्याकडे निदान जुन्या न्हाव्यांना वस्तरा आठवेल. त्या गावची पाती त्याच्याही कितीतरी आधी हिंदुस्थानात पोहोचली होती आणि दख्खनेत ज्या तलवारीला 'फिरंग' म्हणत, तिच्या मुठी इथल्या असल्या तरी पाती पुष्कळदा युरोपातली, त्यांतली काही झोलिंगेनची असत. अशा लोखंडाच्या गावातून पावाचे आडनाव घेऊन हे लोक निघाले आणि रॉटरडॅमला 'हार्ल' नावाच्या जहाजावर चढून १ सप्टेंबर १७३६ रोजी फिलाडेल्फियाला उतरले. पेटर, त्याचा भाऊ क्लेमेन्स, दोघांच्या बायका आणि हाइनरिख नावाचा एक चुलतभाऊ, एवढेच ते जण.

आता ज्या ठिकाणी आडनाव बदलले, तिथे जरा थांबले पाहिजे. पेनसिल्व्हेनियात जर्मनांचा लोंढा इतका वाढला होता, की १७२७ पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी पुरुषाने उतरल्याबरोबर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी, असा नियम झाला. त्यामुळे एकाच जहाजाच्या एकाहून अधिक याद्या तयार होत. एक यादी जहाजाच्या कप्तानाची, म्हणजे इंग्रज कानांनी ऐकलेली. दुसरी शपथेखालच्या सह्यांची, म्हणजे ज्याला लिहिता येते त्याने स्वतःच्या जर्मन वळणाच्या अक्षरात केलेली. ज्याला लिहिता येत नसे तो एक खूण करी आणि तिच्या बाजूला कारकून आपल्या मगदुराप्रमाणे नाव लिही. या जुन्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर एकच माणूस दोन कागदांवर दोन वेगळ्या आडनावांनी उभा असलेला दिसतो आणि दोन्ही कागद कायद्याने खरे असतात. आपल्याकडे कंपनी सरकारच्या दप्तरात शिंदे शिरले आणि रोमन लिपीतून 'सिंदिया' होऊन बाहेर आले, तोच हा प्रकार.

अमेरिकेत आडनावे बदलली म्हटले की लोक ताबडतोब एलिस बेटाचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या परदेशी प्रवाशांच्या तपासणी ठाण्याचे नाव घेतात. तिथल्या अधिकाऱ्यांनी नावे बदलली, ही दंतकथा मला कधीच पटली नाही. एक तर ते ठाणे उघडले १८९२ मध्ये, म्हणजे आपले श्टूटनबेकर उतरल्यावर दीडशेहून अधिक वर्षांनी. आणि दुसरे म्हणजे तिथले अधिकारी नावे लिहीत नसत, हँबुर्ग किंवा ब्रेमेनला जहाज सुटण्याआधीच तयार झालेली यादी समोर धरून ती फक्त तपासत, आणि त्यांच्या दिमतीला दुभाषेही असत. नावे बदलली ती बहुधा नंतर, सावकाश, शेजाऱ्यांच्या जिभेवर, चर्चच्या वहीत, शेतसाऱ्याच्या यादीत आणि शेवटी बदललेले नाव स्वतःच्याच अंगवळणी पडल्यामुळे.

बदलण्याचे मुख्य मार्ग दोन होते. पहिला मार्ग भाषांतराचा: श्नायडरचा टेलर झाला, त्सिमरमानचा कार्पेंटर, कोखचा कुक आणि श्मिटचा स्मिथ. दुसरा मार्ग कानाचा: अर्थ सोडून द्यायचा आणि आवाज जमेल तसा इंग्रजी अक्षरांत बसवायचा. हूबरचे हूवर झाले ते असे, आणि त्या घराण्यातला एकजण पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. क्यूस्टरचे कस्टर झाले ते असेच. आयझनहाउअर, म्हणजे लोखंड तोडणारा, याचे आयसेनहॉवर हे रूप आपल्याला माहीत असते, परंतु त्याच नावाची आयसनहावर, आयसनआवर अशी आणखी रूपे कॅरोलायनाच्या बाजूला आजही नांदत आहेत. स्वित्झर्लंडच्या जर्मन भागातले क्रेएनब्यूल, म्हणजे 'कावळ्यांची टेकडी', हे तर क्रेबिल, ग्रेबिल, क्रॅबिल अशा इतक्या वाटांनी फुटले, की त्यातले सख्खे चुलतही एकमेकांना परके समजत असतील.

श्टूटनबेकर मात्र या दोन्ही मार्गांनी एकदम गेले. मला या आडनावाचे जे अप्रूप आहे ते याचसाठी. नावाचा मागचा अर्धा भाग इंग्रज कारकुनाला कळला, कारण जर्मन बेकर आणि इंग्रज बेकर ही सख्खी भावंडे आहेत. जर्मन माणूस त्यातला 'बे' आखूड उच्चारतो आणि इंग्रज तो लांबवतो एवढाच फरक, आणि आपल्या देवनागरीत तर तोही दिसत नाही. त्या अर्ध्याचे भाषांतर झाले. पुढच्या अर्ध्याचा अर्थ मात्र कुणालाच लागला नाही, कारण इंग्लंडमध्ये तो पावच नव्हता, आणि ऱ्हाइनच्या वरच्या अंगाने, फाल्ट्सकडून आलेल्या शेजारच्या जर्मनांच्या घरीही त्या पावाला हे नाव नव्हते. तेव्हा त्या अर्ध्याचा नुसता आवाज उरला. फाल्ट्सकडच्या बोलींत 'ट' आणि 'ड' यांच्यात फारसे अंतर राहत नाही, इंग्रजाने सुरुवातीच्या 'श्ट'चा 'स्ट' केला, मधला 'न' वाटेत कुठेतरी गळाला, आणि 'स्टुड' हा कोणत्याच भाषेत काहीही अर्थ नसलेला तुकडा तयार झाला. त्याला अर्थ असलेला 'बेकर' चिकटलेला राहिला.

हे आडनाव दुर्मीळ का, याचे उत्तरही मला याच अर्धवटपणात दिसते. या लोकांनी पूर्ण भाषांतर पत्करले असते तर ते नुसते बेकर झाले असते, आणि २०१० च्या जनगणनेत त्या आडनावाचे चार लाखांहून अधिक लोक होते, त्यांत कुठेतरी विरघळून गेले असते. ११ लाखांवर असलेल्या मिलरांमध्ये जुने म्यूलर किती, हे आज कोण सांगणार? आणि नाव जसेच्या तसे ठेवले असते तर ते पुढच्या पिढ्यांना लिहिता लिहिता कंटाळा आला असता. त्याच जनगणनेत सुमारे ६३ लाख वेगवेगळी आडनावे नोंदली गेली आणि त्यांतली साठ टक्क्यांहून अधिक फक्त एकेका माणसाची होती. अर्थात त्यांत लिहिण्यातल्या चुकाही पुष्कळ असणार. शंभर किंवा त्याहून जास्त माणसे असलेली आडनावे १,६२,२५३ भरली. स्टुडबेकर त्या यादीत आहे, पण स्मिथांच्या २४ लाखांच्या शेजारी ते शोधावेच लागते.

मजा अशी की या नावाचे दोन तुकडे पुढेही वेगवेगळे होऊ पाहत राहिले. पेटरने १७४० च्या सुमारास मेरीलँडमध्ये, आज जिथे हेगर्सटाउन आहे त्याच्या जवळ, घर बांधले आणि त्या जागेचे नाव पडले 'बेकर्स लुकआउट'. म्हणजे चार-पाच वर्षांतच जमिनीच्या कागदावरून 'स्टुड' गायब आणि नुसता बेकर शिल्लक. नाव तिथेच संपायचे, पण माणसांनी ते पुन्हा पूर्ण लिहायला घेतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क परगण्याच्या करयादीत पीटर स्टुडबेकर बाप आणि मुलगा दोघेही सापडतात, आणि त्यांच्या नावापुढे धंदा लिहिला आहे तो गाड्या बनवण्याचा. पाव भाजणे कधीच सुटले होते.

त्यानंतर हे आडनाव ज्या वाटेने पसरले, ती वाट गाडीच्या चाकोरीचीच आहे. पेनसिल्व्हेनियातून ओहायो, ओहायोतून इंडियाना. १८३० च्या दशकात या घराण्यातला लोहार जॉन आपले कुटुंब ज्या 'कोनेस्टोगा' घोडागाडीत घालून ओहायोला गेला, तिच्यासारखी गाडी मी इंडियानातल्या साउथ बेंडच्या संग्रहालयात जवळून पाहिली. तिचा तळ होडीसारखा मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना उचललेला असतो, म्हणजे चढावर-उतारावर सामान एका बाजूला घरंगळत नाही. मी वाकून पाहत राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती मोटार नव्हे, पाव भाजायची लाकडी परात. साउथ बेंडमध्ये १८५२ साली या लोहार जॉनच्या हेन्री आणि क्लेमेंट या मुलांनी ६८ डॉलरच्या भांडवलावर लोहारकाम आणि गाड्या सुरू केल्या. त्यांचा तिसरा भाऊ, त्याचेही नाव जॉन, कॅलिफोर्नियात सोने खणायला गेला आणि सोने खणण्याऐवजी खाणवाल्यांसाठी हातगाड्या करून ८,००० डॉलर घेऊन परतला. लोक त्याला 'व्हीलबॅरो जॉनी' म्हणत. घराणे डंकर या शांततावादी पंथाचे, आणि धंद्याला खरी बरकत मात्र सैन्याला गाड्या पुरवल्यामुळे. हेन्रीला ते रुचले नाही, अशी घरची हकिकत आहे. त्याने आपला हिस्सा भाऊ जॉनला विकला.

इंडियानातच या नावाची 'स्टुडाबेकर' अशीही एक शाखा आहे, फक्त मधल्या एका स्वराने वेगळी झालेली. एका भावाच्या वहीत 'ए' राहिला आणि दुसऱ्याच्या वहीत 'आ', आणि दोनशे वर्षांनी दोन्ही शाखांची मुले आपलेच अक्षर बरोबर, असे ठासून सांगतात. आपल्याकडे कुलकर्ण्यांनी रोमन लिपीत काय काय केले आहे ते पाहणाऱ्याला याचे नवल वाटू नये.

मग मोटारी आल्या. १९०२ साली विजेच्या, १९०४ पासून पेट्रोलच्या. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीचे ट्रक फार मोठ्या संख्येने रशियाला गेले, त्यांच्यावर कात्यूशा अग्निबाण चढवले गेले, आणि रशियन सैनिकांनी हे लांबलचक नाव तोडून त्याचे 'स्टुडेर' केले. मेरीलँडच्या कागदावर पुढचा अर्धा गळाला होता, रशियाच्या चिखलात मागचा अर्धा गळाला. भाषांतर झालेला 'बेकर' तिथे कुणाच्या उपयोगाचा नव्हता. ज्याला काहीच अर्थ नाही, तो तुकडाच सैनिकांना जवळचा वाटला.

साउथ बेंडचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद पडला आणि कॅनडात हॅमिल्टनला शेवटची गाडी मार्च १९६६ मध्ये बाहेर पडली. त्यामुळे आज अशी विचित्र परिस्थिती आहे, की अमेरिकेतल्या वयस्कर माणसांपैकी हे नाव न ऐकलेला विरळा, आणि या नावाच्या माणसाला प्रत्यक्ष भेटलेलाही विरळाच. ओहायोच्या मायामी परगण्यात किंवा इंडियानात शेतांच्या कडेने जाताना एखाद्या टपालपेटीवर हे नाव दिसले, की वाटते, मोटारीचे नाव कुणी घराला दिले आहे. काकांची समजूत अगदीच चुकीची नव्हती म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त ड्यूसेलडॉर्फला गेलो असताना एका रविवारी मी झोलिंगेनला जाऊन आलो. त्या भागात कॉफीबरोबर जे पान मांडतात, त्यात दूधभात, दालचिनी-साखर, खाली तोटी असलेली कथलाची कॉफीची किटली आणि मनुकांचा श्टूटन असतो. सगळे पान मला एकट्याला झेपण्यासारखे नव्हते, म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरलो. काचेमागे तो ठेवलेला होता: बोटाने दाबले तर परत वर येईल असा मऊ, वरून तांबूस चकाकणारा, आणि एका बाजूला एक मनुका जळून काळी झालेली. पुढे लावलेल्या चिठ्ठीवर त्याचे नाव हाताने लिहिले होते, त्यातला 'न' अगदी ठळक होता. काउंटरमागच्या बाईंना मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्या अमेरिकेतल्या आडनावाची हकिकत सांगायला लागलो. माझ्यामागे रांग होती. त्यांनी हसून मान हलवली, पाव उचलून यंत्राजवळ नेला आणि विचारले, "कापून देऊ, की अख्खाच हवा?"